मधुमेह आणि पुरुषाचे वंध्यत्व: कोणता अर्क घ्यावा, कोणता बंद करावा

मधुमेह असलेल्या आणि लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही घरात पाळणा न हललेल्या पुरुषाला सल्ले दोन बाजूंनी येतात. शुगर उतरावी म्हणून कोणी कारल्याचा रस सांगतो, कोणी कडुलिंबाची पाने. दुसरीकडून 'ताकदीसाठी' अश्वगंधा, मुसळी, गोखरू यांच्या डब्या येतात. दोन्ही बाजूंची माणसे आपलीच असतात, काळजीपोटी बोलत असतात. पण त्यांनी सुचवलेल्या वनस्पतींपैकी काही प्रयोगशाळेत एकमेकींच्या अगदी उलट वागलेल्या आहेत, ही गोष्ट त्या घरापर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून ही तुलना. मूल हवे आहे, मधुमेह आहे आणि हातात तीन-चार महिने आहेत, अशा माणसासाठी ती लिहिली आहे.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

मधुमेह पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर एकाच वाटेने घाला घालत नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की वृषणात ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा मारा) वाढतो आणि शुक्राणूंमधला डीएनए तुटू लागतो. बेलफास्टच्या संशोधकांनी 2007 साली मधुमेही आणि निरोगी पुरुषांचे नमुने शेजारी ठेवून पाहिले. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत फारसा फरक नव्हता. वीर्याचे प्रमाण मात्र कमी होते, आणि केंद्रकातला तुटलेला डीएनए मधुमेही पुरुषांत 53 टक्के, तर निरोगी पुरुषांत 32 टक्के भरला. म्हणजे नेहमीचा वीर्यतपासणीचा कागद 'नॉर्मल' असूनही आत नुकसान असू शकते. हा मुद्दा पुढे 'आले' या वनस्पतीची चर्चा होईल तेव्हा कामाला येईल.

दुसरी वाट हार्मोनची. टाइप 2 मधुमेह आणि पोटाचा घेर वाढलेला, अशा अनेक पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी सापडते. तिसरी वाट ताठरतेची: रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही थकलेल्या असतात. चौथी वाट सर्वांत कमी बोलली जाते. नसांवर परिणाम झाल्याने मूत्राशयाचे तोंड वेळेवर बंद होत नाही आणि वीर्य बाहेर येण्याऐवजी उलटे मूत्राशयात जाते. संभोगानंतर वीर्य अगदी थोडे किंवा मुळीच न येणे आणि नंतरची लघवी गढूळ होणे, ही त्याची खूण. लघवीच्या साध्या तपासणीत शुक्राणू दिसले की निदान पक्के.

या चौथ्या प्रकाराला कोणताही काढा, चूर्ण किंवा अर्क उपयोगी नाही. त्यासाठी मूत्राशयाचे तोंड आवळणारी औषधे आहेत, आणि ती लागू पडली नाहीत तर लघवीतून शुक्राणू वेगळे काढून गर्भधारणेसाठी वापरता येतात. अशा माणसाने सहा महिने अश्वगंधा घेत बसणे म्हणजे सहा महिने गमावणे. व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे) असेल, नलिका बंद असतील किंवा नमुन्यात शुक्राणू शून्य असतील, तरीही हेच म्हणावे लागेल. वनस्पतींची तुलना खरी कामाची आहे ती संख्या किंवा हालचाल कमी असलेल्यांना, डीएनए तुटलेल्यांना आणि सौम्य ताठरतेच्या तक्रारीला.

उंदरावरचे आणि माणसावरचे

'मधुमेही उंदरांत शुक्राणू वाढले' असे सांगणारे संशोधन भरपूर आहे. मेथी, आले, कलौंजी, दालचिनी, मुसळी, कुहिली (खाजकुहिली), ज्याचे नाव घ्याल त्यावर सापडेल. हे प्रयोग बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचून केले जातात. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारते, म्हणजे उंदराची अवस्था टाइप 1 च्या जवळ जाते. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण टाइप 2 चे. शिवाय मात्रा पाहा. उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर माणसासाठी तो आकडा साधारण 6.2 ने भागायचा, म्हणजे 70 किलोच्या माणसाला रोज सव्वादोन ग्रॅम अर्क. बाजारातल्या अनेक कॅप्सूल 250 किंवा 500 मिलिग्रॅमच्या असतात.

म्हणून मी वजन टाकतो ते माणसांवरच्या चाचण्यांवर. तिथेही एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी: शुक्राणूंसाठीच्या ज्या चाचण्या पुढे येतील, त्या वंध्यत्वाची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषांवर झाल्या, खास मधुमेही पुरुष निवडून नव्हे. साखरेवरचा परिणाम आणि शुक्राणूंवरचा परिणाम वेगवेगळ्या गटांत मोजला गेला आहे. ते दोन धागे आपण इथे जोडतो आहोत.

अश्वगंधा आणि कुहिली

या दोघींची तुलना सरळ होते, कारण लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातल्या एकाच गटाने दोघींवर जवळपास सारख्या पद्धतीने काम केले. वंध्यत्वाचे 75 पुरुष, रोज 5 ग्रॅम चूर्ण, तीन महिने. अश्वगंधेचे मूळ आणि कुहिलीचे बी, दोन्हींत संख्या व हालचाल सुधारली, ऑक्सिडेटिव्ह ताणाचे मापदंड खाली आले. अश्वगंधेवरच्या त्यांच्याच आणखी एका अभ्यासात 14 टक्के पुरुषांच्या पत्नींना गर्भ राहिला. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक अभ्यास शुक्राणूंच्या मोजणीवरच थांबतात आणि जोडप्याला मात्र मूल हवे असते. पण या अभ्यासांत डमी औषध घेणारा रुग्णांचा गट नव्हता, त्यामुळे त्यातले किती आपोआप झाले असते हे वेगळे करता येत नाही.

असा डमी गट 2013 च्या आपल्याकडच्या अश्वगंधेच्या चाचणीत होता. शुक्राणू कमी असलेले 46 पुरुष, काहींना मुळाचा अर्क रोज 675 मिलिग्रॅम तीन भागांत, काहींना डमी कॅप्सूल, 90 दिवस. अर्क घेणाऱ्यांत संख्या 167 टक्के, वीर्याचे प्रमाण 53 टक्के आणि हालचाल 57 टक्के वाढली. डमी गटात बदल किरकोळ. 167 टक्के ऐकायला प्रचंड वाटते. लक्षात ठेवायचे ते इतकेच की सुरुवातीचा आकडा फार कमी असला की थोडी वाढही टक्क्यांत मोठी दिसते, आणि 46 ही संख्या लहान आहे.

मधुमेहाच्या बाजूने अश्वगंधेचे काम मैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत मधुमेही उंदरांच्या वृषणांवर झाले आहे, आणि तिथे ऑक्सिडेटिव्ह नुकसान कमी झालेले दिसले. कुहिलीवर मद्रास विद्यापीठात मधुमेही उंदरांवरच लैंगिक वर्तन आणि शुक्राणू असा दुहेरी अभ्यास झाला, तिथेही निष्कर्ष चांगला.

मग निवड कशावर करायची? दुष्परिणामांवर. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 2020 साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांचे वर्णन छापून आले, सगळ्यांना कावीळ झाली होती. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. ती थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते, आणि टाइप 1 मधुमेह असलेल्यांत थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार जास्त आढळतो, म्हणून त्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय तिला हात लावू नये. फॅटी लिव्हर असलेल्या टाइप 2 च्या माणसाने एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) आधी आणि महिन्याभराने करावी. कुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते, तेच जे पार्किन्सनच्या गोळीत असते. मानसिक आजाराची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने घेऊ नये. मळमळ आणि उभे राहताना चक्कर येणे शक्य आहे. दोन्हींत मला अश्वगंधा पुढे वाटते, कारण तिच्यावर डमी गटाची चाचणी आहे आणि प्रमाणित अर्क सहज मिळतो. मात्र फक्त मुळाचा. पानांचा अर्क मिसळलेला माल बाजारात असतो, आणि आयुष मंत्रालयानेही मुळाचाच वापर करण्याची सूचना दिलेली आहे.

कलौंजी आणि मेथी: साखरही, शुक्राणूही

एकाच वस्तूने दोन्ही कामे व्हावीत असे वाटणाऱ्याने या दोघींकडे पाहावे.

कलौंजीची बाजू मला अधिक भक्कम वाटते. सौदी अरेबियात 2010 साली 94 टाइप 2 रुग्णांना त्यांच्या चालू गोळ्यांबरोबर रोज 1, 2 किंवा 3 ग्रॅम कलौंजी देऊन पाहिले. 2 ग्रॅमच्या गटात तीन महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 1.52 ने उतरला, आणि 3 ग्रॅमने त्याहून जास्त फायदा झाला नाही. शुक्राणूंसाठी इराणमध्ये 68 पुरुषांवर चाचणी झाली: अर्ध्यांना कलौंजीचे तेल अडीच मिलिलिटर दिवसातून दोनदा, अर्ध्यांना डमी, दोन महिने. संख्या, हालचाल, आकार आणि वीर्याचे प्रमाण, सगळेच तेलाच्या गटात सुधारले. माणसांवर, डमी गटासह, आणि दुसऱ्या बाजूला साखरेवरही माणसांतलाच पुरावा, असा मेळ या यादीत दुसरीकडे इतका स्वच्छ बसत नाही.

खरेदी करताना एक घोळ टाळा. किराणा दुकानात काळ्या रंगाची चार वेगवेगळी बियाणी असतात: कलौंजी, कारळे, शहाजिरे आणि कडू जिरे. चाचणीतली आहे ती कलौंजी, त्रिकोणी, मळकट काळी, चुरडली की ओव्यासारखा उग्र वास येणारी. कारळे लांबट आणि चकचकीत असतात, चटणीला उत्तम, पण या कामाचे नाहीत.

मेथीचा साखरेवरचा पुरावा जुना आणि आपल्या देशातला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 1980 च्या दशकापासून त्यावर काम केले. 2014 मध्ये दहा चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा उपाशीपोटीची साखर सरासरी 17 मिलिग्रॅमच्या आसपास आणि एचबीएवनसी 0.85 ने कमी भरला. पण हे दाण्यांच्या पावडरीचे काम आहे, त्यातल्या चिकट तंतूंमुळे होणारे. शुक्राणूंसाठी विकला जातो तो मेथीचा सॅपोनिन अर्क, ज्यात तंतू जवळपास नसतात. त्या अर्कावर 50 पुरुषांची बारा आठवड्यांची चाचणी आहे, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू सुधारल्याचे सांगणारी, पण डमी गटाशिवाय. म्हणजे 'मेथी दोन्हींना चालते' हे वाक्य दोन वेगळ्या वस्तूंबद्दल आहे. साखरेसाठी रात्री भिजवलेले दाणे खा, त्यात वाद नाही. फक्त गोळ्या आणि मेथी यांत तासा-दोन तासांचे अंतर ठेवा, तंतूंमुळे औषध शोषले जायला अडथळा येतो. शुक्राणूंसाठी वेगळा अर्क विकत घ्यावा इतके मला पटत नाही.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कलौंजी आणि मेथी दोन्ही एकदम सुरू करू नका. हात थरथरणे, घाम, अचानक भूक ही साखर उतरल्याची लक्षणे ओळखून ठेवा आणि पहिले पंधरा दिवस ग्लुकोमीटरवर नोंद ठेवा.

आले

आल्याकडे कोणी औषध म्हणून गंभीरपणे पाहत नाही, कारण ते रोज चहात असते. पण इराणमधल्या 2016 च्या चाचणीत 100 पुरुषांना तीन महिने रोज 500 मिलिग्रॅम आल्याची पावडर किंवा डमी दिली, तेव्हा शुक्राणूंमधला तुटलेला डीएनए आल्याच्या गटात लक्षणीय कमी झाला. संख्या आणि हालचाल यांत दोन गटांत फरक पडला नाही. बेलफास्टचे निरीक्षण इथे परत आठवा: मधुमेहात बिघडतो तो डीएनएच, बाकी कागद ठीक असतो. ज्याची वीर्यतपासणी बरी आहे, पण डीएनए फ्रॅगमेंटेशनची तपासणी वाईट आली आहे किंवा पत्नीचे गर्भपात होत आहेत, त्याच्यासाठी या यादीत मी आले आधी धरेन. स्वस्त आहे, धोका कमी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या.

'अँटिऑक्सिडंट आहे म्हणून काम करेलच' हा तर्क मात्र पुरेसा नाही. अमेरिकेत 171 पुरुषांवर जीवनसत्त्वे, सेलेनियम, झिंक यांचे मिश्रण देऊन मोठ्या काळजीने चाचणी झाली. शुक्राणू सुधारले नाहीत, डीएनएही नाही. म्हणून प्रत्येक वनस्पतीला तिचा स्वतःचा पुरावा मागायचा.

गोखरू, मुसळी, केशर

गोखरूचे नाव टेस्टोस्टेरॉनशी जोडले गेले आहे, पण तरुण निरोगी पुरुषांवरच्या 2005 च्या अभ्यासात ते वाढले नाही. ताठरतेसाठी बल्गेरियात 180 पुरुषांवर बारा आठवड्यांत फायदा दिसला, ब्राझीलमधल्या 30 जणांच्या चाचणीत दिसला नाही. शुक्राणूंसाठी मी त्यावर पैसे घालणार नाही. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे, म्हणजे ती आपल्या मातीतली. पण माणसांवरचे काम तुटपुंजे आणि भाव चढा, त्यामुळे भेसळीला वाव मोठा. शिलाजीत वनस्पती नाही, ते खडकातून पाझरते, म्हणून या तुलनेत घेतलेले नाही.

केशर वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. 2015 मध्ये इराणमध्ये खास मधुमेही पुरुषांवरच, 50 जणांवर, केशराचा जेल महिनाभर लावून पाहिला आणि डमी जेलपेक्षा ताठरता सुधारली. हा वरून लावायचा जेल होता. दुधात केशर घालून तो परिणाम मिळेल असे त्यातून निघत नाही. आणि मधुमेही पुरुषाची ताठरता कमी होणे हे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे पूर्वसूचन असू शकते, म्हणून जेलच्या आधी ईसीजी आणि कोलेस्टेरॉल.

जे बंद करावे

आता शुगर उतरवण्यासाठी घरात आलेली बाटली. जयपूरच्या संशोधकांनी 1978 साली कुत्र्यांना कारल्याचा अर्क साठ दिवस दिला, तेव्हा वृषणांत शुक्राणू बनण्याची प्रक्रिया थांबली. कडुलिंबाचा तर शुक्राणुनाशक म्हणून, गर्भनिरोधनासाठीच, आपल्या देशात पद्धतशीर अभ्यास झाला आहे. तुळशीची पाने सशांना रोज दिल्यावर शुक्राणूंची संख्या घटली. पपईच्या बियांच्या अर्काने लंगूर माकडांत शुक्राणू शून्यावर आले, आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत परत आले.

हे प्राण्यांवरचे आणि मोठ्या मात्रेचे प्रयोग आहेत. आठवड्यातून एकदा कारल्याची भाजी खाल्ल्याने किंवा प्रसादाचे तुळशीपत्र घेतल्याने काही बिघडत नाही, कोणी घाबरू नये. पण रोज सकाळी ग्लासभर कारल्याचा रस, कडुलिंबाच्या कॅप्सूल किंवा पपईच्या बियांची पावडर घेत असाल, तर मूल होईपर्यंत ती थांबवायला मी आग्रहाने सांगेन. साखरेसाठी मेटफॉर्मिनपासून इन्सुलिनपर्यंत चांगले पर्याय हाताशी आहेत, त्यामुळे थांबवण्यात तोटा नाही. गुडमारवर मधुमेहासाठी चेन्नईत माणसांवर काम झाले आहे, पण शुक्राणूंसाठी त्याची शिफारस करण्याजोगे मला काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट वनस्पतीची नाही, पण याच रांगेत बसते. थकवा आणि कमी टेस्टोस्टेरॉन म्हणून जिममध्ये किंवा एखाद्या दवाखान्यात टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले जाते. बाहेरून ते मिळाले की मेंदू वृषणांना इशारा देणे बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. मूल हवे असताना ते घेऊ नका.

बाटली हातात घेताना

मधुमेह बरा करतो किंवा लैंगिक शक्ती वाढवतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे जी बाटली हे ठासून सांगते, तिच्यावर त्याच कारणाने संशय घ्या. 'शक्तिवर्धक' मालात लपवून सिल्डेनाफिल (ताठरतेचे औषध, व्हायग्रातले) घातल्याचे प्रकार अनेक देशांत पकडले गेले आहेत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा कोसळू शकतो. अमेरिकेत 2008 साली इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी 21 टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते, आणि शिसे तर स्वतःच शुक्राणूंचे शत्रू. म्हणून धातूंपासून केलेली रसभस्मे नकोत. एकाच वनस्पतीचा अर्क घ्या, लेबलवर कोणता भाग वापरला आहे आणि विथॅनोलाइडसारख्या (अश्वगंधेतल्या) घटकाचे टक्के लिहिलेले असावेत. दहा वनस्पतींच्या मिश्रणात कशाने फायदा झाला आणि कशाने यकृत बिघडले, हे कोणालाच सांगता येणार नाही.

किती दिवस? शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पुढे नलिकेतला प्रवास आणखी थोडा. एचबीएवनसीही तीन महिन्यांचाच हिशेब सांगतो. तेव्हा पहिल्या आठवड्यात वीर्यतपासणी, एचबीएवनसी, टेस्टोस्टेरॉन, एसजीपीटी. मग एकच अर्क, 90 दिवस. मग त्याच प्रयोगशाळेत, संभोगापासून तितक्याच दिवसांच्या संयमानंतर पुन्हा तेच. जमल्यास सुरुवातीची वीर्यतपासणी दोनदा करा, कारण एकाच माणसाचे दोन नमुने बरेच वेगळे येतात आणि वाईट नमुन्यानंतरचा नमुना औषधाशिवायही बरा दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत संख्येची खालची मर्यादा मिलिलिटरला 16 दशलक्ष आणि एकूण हालचालीची 42 टक्के आहे. तीन महिन्यांनी आकडे हलले नसतील तर अर्क बंद करा, बदलून दुसरा सुरू करू नका.

आणि हे तीन महिने देण्याआधी पत्नीचे वय पाहा. ती 35 च्या पुढे असेल आणि सहा महिने प्रयत्न होऊन गेले असतील, तर दोघांच्या तपासण्या आणि वंध्यत्व तज्ज्ञाची भेट याच महिन्यात व्हायला हवी. कलौंजी किंवा आले त्या उपचारांबरोबर डॉक्टरांना सांगून चालू ठेवता येईल, त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.